गळावरच्या माशीची शेपटी

फ्लाय म्हणजे गळावरची नकली माशी बांधणारा कारागीर गळ व्हाइसमध्ये घट्ट पकडतो, दांड्यावर दोऱ्याचे वेढे देत मागे जातो आणि सर्वांत आधी शेपटी बांधतो. धड, पंख, मानेभोवतीचा पिसांचा घेर हे सगळे त्यानंतर. नखाएवढ्या गळावर पीस, लोकर आणि दोरा यांतून किड्याचा भास उभा करायचा आणि तो पाण्यावर सोडून ट्राउट माशाला फसवायचे, असा हा युरोपातला जुना उद्योग. त्यात शेपटी म्हणजे जेमतेम पाच-सहा तंतू. परंतु ते कोणत्या पक्ष्याचे, त्याच्या अंगावरच्या कोणत्या जागेचे, किती ताठ आणि किती लांब, यावर या मंडळींनी जेवढा खल केला आहे तेवढा काही राजघराण्यांत वारसाहक्कावरही झाला नसेल. बांधणीत पहिला मान मिळवणारी ही शेपटी इतिहासात मात्र फार मागून आली. ती कशी आली आणि कोणाकोणाच्या हातून गेली हे पाहायचे तर आपल्याला आधी मॅसिडोनियात जावे लागते.

इसवी सन २०० च्या आसपास एलियानस नावाच्या रोमन लेखकाने प्राण्यांविषयी ग्रीक भाषेत एक ऐसपैस ग्रंथ लिहिला. ऐकीव, वाचलेले, खरे आणि भाकड असे सगळेच त्यात आहे. त्याच्या पंधराव्या खंडाच्या आरंभी बेरोइया आणि थेस्सालोनिकी या शहरांदरम्यानच्या अस्ट्रेयस नदीची हकिकत येते. तिथले ठिपकेदार मासे पाण्यावर उडणारी एक माशी टिपून खातात. पण ती माशी माणसाच्या हाती लागली की तिचा रंग उडतो, पंख सुकतात आणि आमिष म्हणून ती निकामी होते. म्हणून तिथले मासेमार गळाभोवती किरमिजी लोकर गुंडाळतात आणि कोंबड्याच्या चोचीखाली लोंबणाऱ्या लाल पाळ्यांच्या खालची, मेणाच्या रंगाची दोन पिसे त्यावर बसवतात. काठी सहा फुटांची, दोरीही तेवढीच. शेपटीचा उल्लेख नाही. तरी एक गोष्ट आपण नोंदवून ठेवू: कोंबड्याचे कोणतेही पीस चालत नाही, अमुक जागेचेच लागते, हा आग्रह तेव्हापासूनचा आहे. आणि हा कोंबडाही मुळात दक्षिण व आग्नेय आशियातल्या रानांतून माणसाळत पश्चिमेकडे गेलेला, म्हणजे आपल्याच बाजूचा.

त्यानंतर तेरा शतके ओलांडून आपण इंग्लंडात येतो. १४९६ साली विन्किन द वर्ड या मुद्रकाने शिकार, बहिरी ससाणे आणि कुलचिन्हे यांवरच्या एका जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढली आणि तीत गळाने मासे धरण्यावरचा एक निबंध घातला. तो डेम ज्युलियाना बर्नर्स या मठवासिनीच्या नावावर सांगितला जातो. ती खरोखर होती की नाही यावर विद्वानांचे एकमत नाही. निबंधात बारा माश्यांच्या कृती दिल्या आहेत. लोकर अशी, पंख तितराचे किंवा बदकाचे, असे त्यांचे स्वरूप. बाराच्या बारा बिनशेपटीच्या. नदीवर उडणाऱ्या मेफ्लायला धडापेक्षा लांब अशा दोन किंवा तीन शेपट्या असतात, हे त्या निबंधकाराला दिसले नसेल असे नाही. पण मासा वर पाहतो तेव्हा त्याला रंग आणि आकारमान दिसले की पुरे, असा त्या काळचा हिशेब असावा.

इथे थोडी वाट वाकडी करून स्पेनच्या वायव्येला जायला हवे, कारण पुढे शेवटी आपल्याला तिथेच परतायचे आहे. लेओन प्रांतातील अस्तोर्गा गावाच्या नावाने ओळखले जाणारे, १६२४ साली हुआन दे बेर्गारा याने लिहिलेले एक हस्तलिखित आहे. कोणत्या महिन्यात कोणती माशी आणि तिला कोणत्या कोंबड्याचे पीस, याची ती बारकाईची टिपणवही आहे. आजही लेओनच्या उत्तरेला कुरुएन्यो नदीच्या खोऱ्यातल्या ला कांदाना आणि शेजारच्या गावांत हे कोंबडे केवळ पिसांसाठी पाळतात. त्यांचे दोन वंश. ‘इंडियो’ एकरंगी, राखाडी छटांचा. ‘पार्दो’ तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचा. कोंबडा मारत नाहीत. वर्षातून काही वेळा त्याच्या पाठीची आणि बाजूंची पिसे उपटतात, बारा-बारांच्या जुड्या बांधतात आणि पुन्हा उगवायला सोडून देतात. पक्ष्याला ते सुखाचे असेल असे म्हणवत नाही. या पिसाचा तंतू काचेच्या काडीसारखा ताठ, पारदर्शक आणि चकाकता असतो. पण लेओनच्या मासेमारांनी त्याची शेपटी केली नाही. त्यांच्या बुडत्या माश्यांत हे तंतू डोक्याकडून मागे झुकवून पंख म्हणून बांधत. शेपटीसाठी जगातले सर्वोत्तम पीस शेपटीच्या कामाला न लावता तीनशे वर्षे त्या खोऱ्यात वापरले जात होते.

शेपटी आपल्याला ठळकपणे भेटते ती १६७६ साली. आयझॅक वॉल्टनचे गळकऱ्यांचे सुप्रसिद्ध पुस्तक १६५३ चे. पण वॉल्टनला माश्यांच्या बांधणीत विशेष गती नव्हती. त्याचा तरुण मित्र चार्ल्स कॉटन हा डर्बीशरच्या सीमेवरच्या डव्ह नदीकाठचा कर्जबाजारी जमीनदार आणि कवी. त्याने वॉल्टनच्या पाचव्या आवृत्तीला दुसरा भाग जोडला. मे महिन्यात उडणाऱ्या मोठ्या हिरवट मेफ्लायची कृती देताना कॉटन उंटाचे, अस्वलाचे केस, डुकराच्या राठ केसांखालची मऊ लव अशी यादी देतो आणि शेपटीच्या मिश्यांसाठी सेबल किंवा पोलकॅट या फरच्या जनावरांचे लांब केस सांगतो. म्हणजे पहिली नीट नोंदलेली शेपटी पिसाची नाही, केसाची. हा माणूस किडा पकडून बघत होता, त्याच्या अंगावरच्या गोष्टी मोजत होता. शेपटी नकलेतून आली. उपयोगाचा विचार अजून दोन शतके दूर होता.

नकलेचा हा मार्ग टोकाला नेला आल्फ्रेड रोनाल्ड्सने. स्टॅफर्डशरमध्ये ब्लाइथ नदीवर त्याने निरीक्षणासाठी एक झोपडी बांधली आणि पाण्यातला ट्राउट काय खातो, काय थुंकतो हे आत बसून पाहिले. १८३६ साली त्याचे पुस्तक निघाले. खरा कीटक आणि त्याची बांधलेली प्रतिकृती अशी रंगीत चित्रे शेजारीशेजारी, आणि प्रत्येकाखाली कृती. कॉटनने ज्या हिरवट मेफ्लायला सेबलचे केस लावले तिला रोनाल्ड्स सशाच्या तीन मिश्या लावतो. तीनच, कारण त्या जातीला शेपट्या तीन असतात. इतर काही माश्यांना मात्र तो कोंबड्याच्या मानेच्या पिसातले दोन तंतू देतो. केस आणि पीस यांची अदलाबदल इथून सुरू झाली ती पुढे थांबली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सारा प्रकारच बदलला. सॅमन माशासाठी बांधायच्या माश्या कोणत्याच किड्यासारख्या नसतात. नदीत अंडी घालायला परतणारा सॅमन सहसा काही खातही नाही. मग पिसे निवडायची कशाच्या आधारावर? उत्तर होते, साम्राज्याच्या गोदामाच्या आधारावर. ब्रिटिश जहाजे जगभरातून टोप्यांसाठी पक्ष्यांची कातडी आणत होती आणि त्यातला वाटा माश्या बांधणाऱ्यांच्या मेजावर पोहोचत होता. जॉर्ज केल्सनच्या १८९५ च्या ग्रंथात या बांधणीचे जवळजवळ धर्मशास्त्र झालेले दिसते. शेपटीला चिनी गोल्डन फेझंटच्या तुऱ्याचे पिवळेधमक पीस, वर ‘इंडियन क्रो’चे तांबडे-केशरी पीस, हा पक्षी नावाने भारतीय असला तरी राहणारा दक्षिण अमेरिकेचा. तुऱ्याचे पीस निवडणे ही स्वतंत्र विद्या होती. त्याची कमान अशी हवी की शेपटीतून वर उठणारे टोक आणि पंखावरून खाली वळणारे दुसऱ्या पिसाचे टोक हवेत एकमेकांना जाऊन भिडेल. पीस वाकडे असले तर ते भिजवून काचेच्या पेल्याच्या बाहेरच्या गोलाईला चिकटवून वाळू देत. सुकले की ते ती गोलाई धरून राही. सॅमनला याचा काही पत्ता असेल असे मला वाटत नाही. हे सारे माशापेक्षा पेटी उघडून दाखवणाऱ्याच्या मित्रांसाठी होते.

या पेटीत सह्याद्रीचाही वाटा होता. महाबळेश्वर किंवा आंबोलीच्या झाडीत पहाटे ज्याची बांग ऐकू येते तो राखी रानकोंबडा, त्याच्या मानेवरची पिसे टोकाला मेणाचा थेंब सांडल्यासारखी पांढरी-पिवळी आणि चकचकीत असतात. सॅमन माशीच्या गालांवर डोळा म्हणून ती बांधत, आणि शेपटीनंतर सर्वाधिक भांडणे याच पिसावर होत. भारत सरकारने १९०२ साली पक्ष्यांची कातडी आणि पिसे देशाबाहेर नेण्यास बंदी केली. ब्रिटनने पिसांच्या आयातीवर बंदी घालणारा कायदा १९२१ साली केला. टोप्यांची फॅशन गेली, पण केल्सनचे धर्मशास्त्र मानणारे राहिले. त्याची परिसीमा २००९ च्या जूनमध्ये झाली. लंडनमध्ये संगीत शिकणारा वीस वर्षांचा एक अमेरिकन बासरीवादक ट्रिंगच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात रात्री खिडकीतून शिरला आणि २९९ पक्ष्यांची कातडी बॅगेत भरून घेऊन गेला. त्यांतले काही नमुने आल्फ्रेड रसेल वॉलेसने मलाय द्वीपसमूहात स्वतः गोळा केलेले होते. सॅमनच्या माश्या बांधणाऱ्या हौशी लोकांना ती पिसे विकली जाऊ लागल्यावर चोराचा माग लागला. जे परत मिळाले त्यातल्या अनेकांच्या पायांची चिठ्ठी कापली गेली होती. कोणत्या बेटावर, कोणत्या तारखेला, ही माहिती गेली म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने तो पक्षीच गेला.

इकडे अमेरिकेत शेपटी अगदी वेगळ्या कारणाने वाढत होती. इंग्लंडची ‘कोचमन’ ही मोराच्या पिसाच्या धडाची, पांढऱ्या पंखांची, बिनशेपटीची माशी तिथे लोकप्रिय होती. १८७८ साली न्यूयॉर्कच्या जॉन हेली या व्यावसायिक कारागिराने उत्तरेकडच्या जंगलातल्या नद्यांसाठी ती बांधताना दोन बदल केले. मोरपीस दातांनी उसवू नये म्हणून मध्ये लाल रेशमाचा पट्टा दिला आणि मागे वुड डक या रानबदकाच्या काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या पिसाची शेपटी जोडली. ती देखणी दिसते, एवढेच त्याचे समर्थन. गळाचे साहित्य विकणाऱ्या ऑर्विस घराण्यातल्या एकाने तिला ‘रॉयल कोचमन’ म्हटले आणि मेरी ऑर्विस मार्बरीने १८९२ च्या आपल्या पुस्तकात ही कथा नोंदवून ठेवली. पुढे वुड डकऐवजी गोल्डन फेझंटच्या मानेचे नारिंगी, काळ्या कडांचे तंतू शेपटीला रूढ झाले. मोर, चिनी पक्षी आणि अमेरिकन गळ अशी ही माशी आजही विकली जाते.

खरा कायापालट मात्र त्याच सुमारास दक्षिण इंग्लंडातल्या चुनखडीच्या संथ, नितळ नद्यांवर झाला. फ्रेडरिक हॅलफर्डने १८८६ साली तरंगत्या माश्यांच्या बांधणीवर पुस्तक लिहिले आणि माशी कोरडी, पाण्यावर उभी राहिली पाहिजे हा आग्रह पंथासारखा पसरला. आता शेपटीकडे पाहण्याची दृष्टी बदलावी लागली. गळाचे वजन सगळे मागच्या वाकणात असते. पुढचा भाग मानेभोवतीच्या पिसांच्या टोकांवर तरतो, मागचा आधार फक्त शेपटीचा. तंतू मऊ असेल तर पाणी पितो, शेजारच्याला चिकटतो आणि माशी मागून बुडते. म्हणून पिसाच्या मुळाकडचा लवदार भाग वर्ज्य. तंतूला उपतंतू जितके कमी तितका तो चांगला. १८९० च्या फेब्रुवारीत हॅलफर्डने आपल्या काही माश्या पाकिटात घालून न्यूयॉर्क राज्यातल्या थिओडोर गॉर्डनला पाठवल्या. गॉर्डन क्षयाने पोखरलेला, एकटा राहणारा, कॅट्सकिल डोंगरात नेव्हर्सिंक नदीकाठी वस्ती केलेला. तिथल्या खळाळत्या पाण्यात इंग्रजी माश्या टिकणार नाहीत हे ओळखून त्याने त्या अमेरिकन किड्यांप्रमाणे नव्याने रचल्या. तंतूंचा ताठपणा तिथे चैन नव्हती, गरज होती.

गॉर्डननंतर कॅट्सकिलमध्ये शेपटीच्या पिसाला नाव मिळाले, ‘स्पेड हॅकल’. कोंबड्याच्या मानेच्या कातड्याच्या दोन्ही कडांना, खांद्याजवळ काही मोजकी रुंद, आखूड पिसे येतात. त्यांचे तंतू लांब, ताठ आणि लखलखीत. एका मानेवर अशी पिसे थोडीच. ती ओळखायची रीत साधी आहे: पीस दुमडून तंतूंची टोके खालच्या ओठावर टेकवायची, बोचली तर शेपटीला घ्यायची, नाही तर बाजूला. रोस्को गावचे वॉल्ट डेट यांना रूब क्रॉस या नामांकित कारागिराने विद्या शिकवायला नकार दिला, तेव्हा त्यांनी क्रॉसच्याच माश्या विकत घेतल्या आणि एकेक वेढा उलटा सोडवत नोंदी केल्या. डोक्याची गाठ पहिली सुटते, मग मानेचे पीस, पंख, धड. शेपटी सगळ्यांत शेवटी हाती येते. त्यांचे समकालीन हॅरी डार्बी यांनी तर कोंबडेच पाळले. त्यांना हवा असलेला निळसर राखाडी रंग शुद्ध वंशाने उतरत नाही. तसा कोंबडा आणि तशीच कोंबडी जुळवली तरी पिल्लांतली निम्मीच त्या रंगाची निघतात, बाकीची काळी किंवा डागाळलेली पांढरी. आणि रंग जुळला तरी तंतू ताठ असेलच असे नाही.

पिसावरच्या या भक्तीला सुरुंग लावला अमेरिकन गळकरी ली वुल्फने. १९३० च्या आसपास ऑसेबल नदीवर त्याला नाजूक इंग्रजी वळणाच्या माश्या किरकोळ आणि लवकर बुडणाऱ्या वाटल्या. त्याने शेपटीला आणि पंखांना हरणाच्या शेपटीचे केस बांधले. कॉटनच्या सेबलनंतर अडीचशे वर्षांनी केस परतले होते, यावेळी नकलेसाठी नव्हे तर तरंगण्यासाठी. इंग्लंडात एव्हन नदीचा राखणदार फ्रँक सॉयर उलट दिशेला गेला. पाण्याखालचा कीटक हवा म्हणून त्याने दोराच वापरला नाही; तांब्याच्या तारेने फेझंट कोंबड्याच्या शेपटीचे तांबूस तंतू बांधले. त्याच तंतूंची टोके मागे सोडली की शेपटी झाली, उरलेले तारेवर गुंडाळले की धड. १९५८ साली त्याने हे पुस्तकात मांडले. पेनसिल्व्हेनियाच्या रसेल ब्लेसिंगने १९६७ मध्ये आणखी एक टोक गाठले: गळाच्या दांड्याएवढी लांब, मराबूच्या मऊ काळ्या पिसांची शेपटी. ही तरंगत नाही, आधार देत नाही; दोरी ओढली-सोडली की पाण्यात श्वास घेतल्यासारखी हलते. मराबू हे नाव मूळ करकोच्याचे. त्याचाच भाऊबंद, आसामात ज्याला हरगिला म्हणतात, त्याच्या शेपटीखालची पिसे एके काळी बंगालातल्या कुमारखालीच्या नावाने लंडनच्या बाजारात विकली जात. आजचे मराबू मात्र कारखान्यात रंगवलेल्या टर्कीच्या अंगावरचे असते.

आता आपण शेवटच्या वळणाशी येतो आणि इथे मला या साऱ्या कथेतला सर्वांत रंजक पेच दिसतो. डार्बींच्या कोंबड्यांची अंडी मिनेसोटाच्या अँडी मायनरकडे गेली, मायनरची पैदास पेनसिल्व्हेनियात बक मेट्झकडे. ओरेगॉनमध्ये हेन्री हॉफमनने स्वतंत्रपणे करड्या पट्ट्यांचे कोंबडे सिद्ध केले. १९८९ साली टॉम व्हाइटिंग या कुक्कुटशास्त्राच्या पदवीधराने हॉफमनचा वंश विकत घेऊन कोलोरॅडोत नेला. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून मानेचे आणि पाठीचे पीस असे बनवले की ते हातभर लांब असावे आणि त्याचे तंतू मुळापासून टोकापर्यंत सारख्याच आखूड मापाचे. एका पिसात अनेक माश्या निघू लागल्या. २०११ साली अमेरिकन तरुणींनी तीच पिसे केसांत माळायला सुरुवात केल्यावर ती दुकानांतून नाहीशी होऊन किमती कैक पटींनी चढल्या, हे आणखी वेगळेच. पण निवड आखूड तंतूंची झाली, आणि शेपटीला लागतो लांब तंतू. स्पेड हॅकल आकसत गेले. मानेचा घेर जितका परिपूर्ण झाला तितकी शेपटी उघडी पडली.

मग पर्याय शोधणे आले. रंगाच्या ब्रशांचे निमुळते कृत्रिम केस काहींनी आपलेसे केले. ते एकसारखे असतात, पण फार एकसारखे असतात. बाकीचे लेओनकडे वळले. बाजारात हे पीस फ्रेंच वळणाने ‘कॉक द लेओन’ म्हणून विकले जाते. व्हाइटिंग यांनीही त्या जातीचे कोंबडे पाळले. कुरुएन्योच्या खोऱ्याबाहेर पिसाची चमक उतरते असे तिथले शेतकरी सांगतात आणि कोलोरॅडोची मंडळी हे मान्य करत नाहीत. तंतू काढण्याची पद्धत दोन्हीकडे एकच. पार्दोचे पीस डाव्या हातात उभे धरायचे, उजव्या हाताने तंतू दांड्याशी काटकोनात येईतो हलकेच ओढायचे, म्हणजे तिरकी टोके एका रेषेत येतात. मग सहा-सात तंतू चिमटीत धरून मुळाशी कापायचे आणि चिमूट न सोडता गळावर न्यायचे. चिमूट सुटली की टोके वरखाली होतात आणि पुन्हा पहिल्यापासून. लांबी गळाच्या दांड्याएवढी. दोन शेपट्या हव्या असतील तर बुंध्याशी दोऱ्याची बारीक गोळी करून निम्मे तंतू एका अंगाला, निम्मे दुसऱ्या अंगाला सारायचे.

लेओनच्या पिसाला जगभर नेले ते मात्र या तरंगत्या माशीने नव्हे. स्पेनच्या स्पर्धक गळकऱ्यांनी वेगाने तळ गाठणारी एक माशी काढली, नाव ‘पेर्दिगोन’, म्हणजे बंदुकीतला छर्रा. टंगस्टनचा मणी, त्यामागे दोऱ्याचे गुळगुळीत निमुळते धड, वरून अतिनील प्रकाशात घट्ट होणाऱ्या राळेचा थर. पाण्याला अडवेल असे काहीही ठेवायचे नाही म्हणून पंख नाहीत, मानेचा घेर नाही, लोकर नाही. एलियानसच्या मॅसिडोनियनांनी जे जे बांधले ते सर्व गळून गेले आहे. राहिले आहेत ते मागे पाच-सहा तंतू, लेओनच्या कोंबड्याचे. त्यांत पार्दो घ्यावा की इंडियो, यावर स्पर्धेच्या आदल्या रात्री वाद चालतात.